मराठी आवाजाचं पॅकेज

वाशीमला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एक शटर, एक टेबल, एक डेस्कटॉप, एक प्रिंटर आणि भिंतीला टाचलेले नमुने. छपाई इथे होत नाही. ताई मजकूर जुळवते, कच्ची प्रत काढते, गिऱ्हाइकाला दाखवते आणि पक्की फाइल पेनड्राइव्हवर घालून स्टेशन रोडच्या प्रेसला देते. पत्रिका बौद्ध घरची असेल तर वर पिंपळपान आणि ‘मंगल परिणय’; हिंदू घरची असेल तर गणपती आणि ‘शुभविवाह’. दोन्ही प्रकारचे नमुने भिंतीवर शेजारी शेजारी आहेत.

या धंद्यात एक रिवाज आहे. गिऱ्हाइकाने प्रत तपासून सही केली, तरी छापून आल्यावर चूक निघाली की दोष दुकानाचा. म्हणून प्रत्येक पत्रिका प्रेसला जाण्याआधी ताई स्वतः वाचायची. तिच्याइतकं सावध प्रूफ वाचणारी माणसं वर्तमानपत्राच्या कचेरीतही मी थोडीच पाहिली.

मधुमेहाने तिच्या डोळ्यांच्या पडद्याला धरलं. उजव्या डोळ्याला मधोमध काळा डाग दिसतो, डाव्याने सगळं धुरकट. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. टाइप करायला तिला डोळे लागत नाहीत. हात तरुणपणीच मराठी टाइपरायटरवर बसलेला आहे. अडचण वाचण्याची होती. पत्रिका ती नाकाला लावून वाचू लागली, मग भिंग आणलं, मग भिंगानेही अक्षरं एकमेकांत मिसळू लागली. गिऱ्हाइकांना तिने यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

भाऊजी एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचं मत ठरलेलं होतं. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला जागा हवी होती आणि तो दर आठवड्याला विचारून जायचा.

“पाह्य, शटर त्याले देऊन टाक,” भाऊजी म्हणत. “डोयाले आराम भेटन.”

“आराम करून काय करू? तुमचं तोंड पाहू? तेबी धड दिसत नाई आता.”

“मंग तं अजूनच बरं हाय की.”

मी अनसिंगला राहतो. नोकरीची बरीच वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. शेवटच्या काही वर्षांत आमच्या कचेरीने सगळे कम्प्युटर लिनक्सवर नेले होते. लिनक्स ही फुकट आणि सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली आहे. तिच्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम मिळतो आणि मराठी आवाजही मिळतो, हे मला तेव्हाच कळलं होतं. एकदा बोलता बोलता ते ताईला सांगितलं. तिने त्यावर फक्त एक प्रश्न विचारला.

“चुकलेलं असन, तं चुकलेलंच वाचन का सुदरवून वाचन?”

मी म्हटलं, “जसं असेल तसं वाचेल.”

“मंग आन. लगनसराईच्या आत त्यानं मले वाचून दाखवलं पायजे. नाई जमलं तं मी या सालच्या ऑर्डरी घेत नाई. लोकाच्या लग्नात चूक छापून देन्यापरीस शटर मोबाइलवाल्याले गेलेलं बरं.”

पहिल्या रविवारी, दुकानाला सुट्टी असताना, मी ताईच्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवलं. तिची जुनी प्रणाली तशीच ठेवली. कम्प्युटर सुरू केला की तो विचारे, जुन्यात जायचं की नव्यात. फोनवरून नेट दिलं आणि पॅकेज मॅनेजरला कामाला लावलं.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय, हे मी ताईला बियाण्याच्या दुकानावरून सांगितलं. भाऊजींची रिठदला थोडी शेती आहे, त्यामुळे ते दुकान घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचं. या प्रणालीत लागणारं सामान गल्लीबोळांतून गोळा करायचं नसतं. एक मोठं भांडार असतं. आपण फक्त नाव सांगायचं. पॅकेज मॅनेजर भांडारातून ते पॅकेज आणतो, त्याला आणखी काय काय लागतं ते स्वतःच ओळखून तेही आणतो, प्रत्येक पिशवीचं सील तपासतो आणि मगच आत घेतो. सील फुटलेली पिशवी तो घेत नाही.

“पैशे?” ताईने विचारलं.

“नाही लागत.”

“मंग सील कायले तपासते? फुकटच्या मालाले कोन पाह्यते?” भाऊजींनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. फुकट असलं म्हणून कोणीही काहीही भरून पाठवू नये, एवढंच त्याचं उत्तर.

त्या दिवशी वाचणारा प्रोग्राम आला आणि बोललाही. पण त्याच्याकडे त्या घडीला फक्त इंग्रजी आवाज होता. मेनूवरून बाण फिरवला की तो प्रत्येक शब्द घाईघाईने उच्चारी.

“हा तं साहेब हाय,” ताई म्हणाली. “याले मराठी शिकव.”

मराठी आवाजाचं पॅकेज वेगळं होतं. ते मागवायच्या आतच विजेची लाइन गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. राहिलेलं काम पुढच्या रविवारी करायचं ठरवून मी अनसिंगची गाडी धरली. काम दहा मिनिटांचं उरलं आहे, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी पॅकेज मॅनेजरने नकार दिला. आधी म्हणाला, या नावाचं पॅकेज सापडत नाही. याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की भांडारात काय काय आहे याची त्याच्याकडची यादी जुनी आहे. ती नवी करून घे, असा हुकूम दिला. तर म्हणाला, दुसरं कोणीतरी यादी हाताळत आहे, कुलूप लागलेलं आहे. थांबलो. कुलूप निघेना. कम्प्युटर बंद करून सुरू केला, कुलूप निघालं. पुन्हा तोच हुकूम दिला. या वेळी भांडाराच्या दारावरूनच परत आला. दाखवलेल्या ओळखपत्रावर विश्वास ठेवता येत नाही, अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी ओळ पडद्यावर आली.

वर्तमानपत्रात एक सवय लागते. काल बरोबर असलेली गोष्ट आज चुकीची दिसली, तर मधल्या काळात काय घडलं ते आधी शोधायचं. मी दोघांना विचारलं, “मधल्या आठवड्यात याच्यात काही केलंत का?”

“काहीच नाई,” ताई म्हणाली.

“हातबी नाई लावला,” भाऊजी म्हणाले. “जे होतं ते जागच्या जागी हाय.”

दोघांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. म्हणून मी संशय नेटवर घेतला. माझ्या फोनऐवजी भाऊजींच्या फोनवरून नेट दिलं. तोच नकार. फोन खिडकीत ठेवला, मग गल्लीत स्टुलावर ठेवला. तोच नकार. भांडाराच्या शाखा अनेक असतात, म्हणून शाखा बदलून पाहिली. तिथेही तेच उत्तर. नकार देणाऱ्या सगळ्या शाखा एकच गोष्ट सांगत होत्या. याचा अर्थ दोष त्यांच्याकडे नसावा, एवढं मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण पाहण्याचं कुतूहल असलं तरी पाहण्याची दिशा चुकू शकते.

तिसऱ्या रविवारी मी वळसा घेतला. भांडाराच्या दारातून आत येऊ देत नसतील तर सामान हाताने आणू, असा विचार. अनसिंगला एका ओळखीच्या कम्प्युटरवर मराठी आवाजाचं पॅकेज उतरवलं आणि पेनड्राइव्हवर घालून वाशीमला नेलं. डेस्कटॉपने ते उघडलं आणि सांगितलं, याला अमुक पॅकेज लागतं. तेही फोनवर उतरवून आणलं. त्याला आणखी एक लागत होतं. ते आणलं. ते आधीच आत होतं, पण वेगळ्या आवृत्तीचं. नवं बसवायचं तर जुनं काढावं लागेल, अशी सूचना आली. मी होकार दिला.

त्यानंतर कम्प्युटर गप्प झाला. मराठी आवाज आला नाही आणि असलेला इंग्रजी आवाजही बंद पडला. पॅकेजेस तुटलेली आहेत, आधी ती दुरुस्त करा, असं तो प्रत्येक हुकुमाला सांगू लागला. दुरुस्त करायला सामान भांडारातूनच आणावं लागणार होतं आणि भांडाराचं दार बंद होतं.

ताई खुर्ची ओढून बसली होती. तिने स्वतः दोन कळा दाबून पाहिल्या. मग म्हणाली, “साहेबबी गेला का?”

“गेला.”

“बातम्या छापनं वेगयं अन् हे वेगयं,” भाऊजी म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात टोमणा कमी होता. मोबाइलवाला सकाळीच येऊन गेला होता आणि ताईने त्याला पहिल्यांदाच सरळ नाही म्हटलं नव्हतं. पुढल्या महिन्यात सांगते, एवढंच म्हटलं होतं.

चौथ्या रविवारी मी गेलो तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. रिठदचे शेतकरी, भाऊजींच्या बांधाला बांध असलेले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. थोरल्या मुलाची पत्रिका ताईनेच केली होती आणि हीही तिनेच करावी असा त्यांचा आग्रह.

“बाई, सुट्टीच्या दिवशी आलो, माफ करा. पन पयली ऑर्डर आपलीच लिवा.”

ताईने मजकुराचा कागद घेतला आणि न वाचता टेबलावर ठेवला. “पुढल्या रविवारी या, काका. प्रूफ तयार असन तं पाहून घ्या. नसन तं मी नाई म्हनून सांगीन, मंग दुसऱ्याकडे द्या.”

“काहून? नाई कायले म्हनान?”

“मशीनचं काम चालू हाय.”

काका माझ्याकडे पाहून गेले. मशीनचं काम म्हणजे मी, हे त्यांना समजलं असावं. उरलेला वेळ एक आठवडा होता.

त्या दिवशी मी नवं काही करायचं नाही असं ठरवलं. फक्त नकाराचा मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा. आतापर्यंत मी त्यातले ओळखीचे शब्द तेवढे वेचत होतो. डेस्कवर येणाऱ्या बातमीचा शेवटचा परिच्छेद न वाचता मथळा देणाऱ्यांना मी आयुष्यभर बोलत आलो होतो. पुन्हा एकदा शाखा बदलली आणि हुकूम दिला. या शाखेने नकाराचं कारण जरा वेगळ्या शब्दांत दिलं. यादीच्या कागदाला सील आहे, सील खरं आहे, पण हा कागद अजून वैध झालेला नाही. तो वैध व्हायला अजून इतके दिवस आहेत. दिवसांचा आकडा हजारांत होता.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. मुदत संपलेली नव्हती. मुदत सुरूच झालेली नव्हती. कागद भविष्यातला आहे, असं कम्प्युटरचं म्हणणं होतं.

बातमीला विचारायचे जे प्रश्न असतात, त्यांतला ‘केव्हा’ मी चारही रविवार विचारला नव्हता. आता विचारला. “ताई, या कम्प्युटरमध्ये आज कोणती तारीख आहे?”

ताई चटकन म्हणाली, “करीची.”

“कोणत्या करीची?”

“पोयाच्या. रोज करच राह्यते त्याच्यात.”

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे घड्याळ दिसतं, तिथे सोनेरी पिंपळपानाचं एक स्टिकर लावलेलं होतं. पत्रिकेच्या पाकिटांना लावतात तसलं. ते मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो आणि सजावट समजत होतो. नखाने कड उचलून पाहिलं. खाली तारीख होती. खूप वर्षांपूर्वीच्या पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर.

मग सगळी हकीकत बाहेर आली. ताई ज्या प्रोग्रामवर पत्रिका जुळवते, तो कोणा एजंटाने काही दिवस वापरून पाहण्यासाठी म्हणून टाकून दिला होता. मुदत संपत आली तेव्हा एजंट पुण्याला गेलेला, फोन लागेना. जाण्याआधी त्याने युक्ती मात्र शिकवून ठेवली होती. कम्प्युटरची तारीख प्रोग्राम टाकल्याच्या दिवसावर न्यायची. प्रोग्रामला वाटतं, आज पहिलाच दिवस आहे. तेव्हापासून ताई रोज सकाळी शटर उघडते, अगरबत्ती लावते, तारीख करीवर नेते आणि मगच प्रोग्राम उघडते. एकदा विसरली होती, तेव्हा प्रोग्राम बंद पडला आणि सगळा कम्प्युटर पुसून पुन्हा भरावा लागला. बाजारातल्या निम्म्या दुकानांत असंच चालतं, असं तिचं म्हणणं.

“अन् हे पान?”

“गिऱ्हाईक इचारे, ताई, तुमचा कम्पुटर कोन्या सालात हाय? मंग लावलं पान.”

“पण पहिल्या रविवारी नेट जोडल्यावर लिनक्सने तारीख आपोआप बरोबर केली असणार.”

“केली ना,” भाऊजी म्हणाले. “सोमवारी पाह्यलं तं आजची तारीख! हिनं लगेच मले हाक मारली. मंग मीच शोधून ते आपोआपवालं बटन बंद केलं. मोबाइलमंदी असते तसंच होतं.”

“मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, काहीच केलं नाही.”

“नाईच केलं. तुमच्या मशीननं बिघडवलं, मी जागच्या जागी आनलं.”

त्यांच्या मते त्यांनी काही बदललं नव्हतं. बदललेलं होतं ते पूर्ववत केलं होतं. साक्षीदार खरं बोलतो आणि तरी माहिती मिळत नाही, हा अनुभव बातमीदारीत नवा नाही.

ताईला पिशवीवरूनच पुन्हा समजावलं. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, त्यावर तपासणीची तारीख असते. तारीख पुढच्या कुठल्या तरी सालातली असेल तर शेतकरी ती पिशवी घेईल का?

“बोगस म्हनून आपटन दुकानदाराच्या तोंडावर,” भाऊजी म्हणाले.

“तुमचा कम्प्युटर तेच करतो आहे. पिशव्या चांगल्या आहेत. त्याचा स्वतःचा दिवस करीवर थांबला आहे.”

आता अडचण दिसत होती, पण सुटली नव्हती. तारीख बरोबर केली आणि चुकून जुना प्रोग्राम उघडला गेला, तर तो बंद. त्यात ताईच्या सगळ्या पत्रिका होत्या, सगळ्या चौकटी, सगळी वळणं. तिने थोडा विचार केला.

“आजच्यापुरती कर खरी तारीख. जाताना मांगं करून दे.”

भाऊजींनी बंद केलेलं बटण मी उघडलं. कोपऱ्यातली तारीख क्षणभर थांबली आणि आजच्यावर आली. पॅकेज मॅनेजरला यादी नवी करायला सांगितलं. ओळींमागून ओळी सरकल्या आणि त्यांत नकार एकही नव्हता. तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करण्याचा हुकूम दिला. मी हाताने आणलेलं सामान त्याने एकेक करून बाहेर काढलं आणि त्या जागी आपलं आणलं. मग मराठी आवाजाचं पॅकेज मागितलं. ते आलं. त्याच्यामागून टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी टाइप करायची कीबोर्डची मांडणी आणि पत्रिका जुळवायचा नवा प्रोग्रामही आला.

ताईने खुर्ची पुढे ओढली आणि न पाहता एक ओळ टाइप केली. कम्प्युटरने ती वाचली. सपाट, किंचित नाकातला, कुठेही न थांबणारा आवाज. “आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.”

“अजून एक डाव,” ताई म्हणाली. त्याने पुन्हा वाचलं. तिने मुद्दाम एक शब्द गाळून टाइप केलं. त्याने तो गाळूनच वाचलं. तेव्हा ती हसली.

मग तिला तिची जुनी पत्रिका ऐकायची होती. पेनड्राइव्हवरची एक फाइल उघडली. आवाजाने इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम उच्चारायला सुरुवात केली. अर्थ काहीच नाही. कारण समजायला वेळ लागला नाही. जुन्या प्रोग्रामात मराठी अक्षरं नसतात, मराठी अक्षरांची चित्रं असतात. आत इंग्रजी कळाच साठवलेल्या असतात. डोळ्याला पत्रिका दिसते. कानाला ती पत्रिका नाही.

ती फाइल शोधताना मी एक गोष्ट पाहिली. त्या पेनड्राइव्हवर ताईने गेल्या कित्येक वर्षांत केलेल्या पत्रिका होत्या, शेकड्याने. प्रत्येक फाइलसमोर ती केल्याची तारीख येते. सगळ्यांसमोर एकच तारीख होती. वाशीम, रिठद, अनसिंगची एवढी सगळी लग्नं कम्प्युटरच्या हिशेबाने पोळ्याच्या करीला एका दिवसात जुळवलेली होती.

ताईने विचारलं, “दोन्ही ठेवता येत नाई का? सकाऊन करीची, दुपारून खरी?”

“येतं. पण जुन्यात केलेलं तुला ऐकू येणार नाही. आणि नव्यात केलेल्याला जुनं लागत नाही.”

“म्हंजे मले दिसत नसताना ज्याच्यात मी काम करू शकते, त्याच्यात माझं जुनं काहीच नाई.”

“चौकटी चित्र म्हणून आणता येतील. मजकूर नाही.”

भाऊजी म्हणाले, “राहू दे ना. निदान जुनं तं जागेवर राहीन.”

चहा आला, तो ताईने पिऊन घेतला. मग मला म्हणाली, “आज करीवर नेऊन दे. आठ दिवस लागते मले.”

मी तारीख मागे नेली आणि बटण बंद केलं.

पाचव्या रविवारी दुकानात शिरलो तेव्हा भिंतीवर नमुन्यांची गर्दी झालेली होती. आठवडाभर ताईने जुन्या प्रोग्राममधून ठेवण्यासारखी प्रत्येक पत्रिका कागदावर काढली होती आणि प्रत्येक चौकटीचं चित्र करून घेतलं होतं. भाऊजींनी ती टाचली होती, थोडी वाकडी.

“आता बटन चालू कर,” ताई म्हणाली. मी केलं. तारीख आजची झाली. “आता जुन्यात ने.”

“तिथे प्रोग्राम उघडलास तर तो बंद होईल.”

“मले मालूम हाय. नाई तं मी उद्या पुन्हा तारीख मांगं नेईन. हाताले सवय हाय.”

कम्प्युटर बंद करून जुन्या प्रणालीत सुरू केला. तिने माउस धरला. प्रोग्रामचं चिन्ह कुठे आहे हे तिला पाहावं लागत नव्हतं. एक चौकोन उघडला.

“काय म्हनते?”

“मुदत संपली आहे, असं म्हणतो.”

“बरं.” तिने माउस सोडला. “नव्यात चाल.”

रिठदचे काका अकराच्या सुमारास आले. पत्रिकेचा मजकूर ताईने सकाळीच टाइप केला होता. त्यांचा कागद भाऊजींनी तिला वाचून सांगितला होता. आता तिने कळ दाबली आणि डोळे मिटून मान थोडी तिरपी केली. आवाज वाचू लागला. काका दचकले.

“हे कोन बोलून राह्यलं?”

“प्रूफ वाचनारा ठेवला,” भाऊजी म्हणाले. “पगार घेत नाई, चहा घेत नाई.”

“अन् बाई काहून नाई वाचत?”

ताईने कळ दाबून आवाज थांबवला. मग ताई म्हणाली, “मले आता बारीक दिसत नाई, काका. पन आयकू येते. चालन का?”

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नमुन्यांकडे. “चूक निघाली तं?”

“तं दोष माहाच. पयलेसारखा.”

“मंग चालते.”

आवाज पुन्हा सुरुवातीपासून निघाला. आजोबांची नावं, गाव, तालुका, वधूच्या आईवडिलांची ओळ. ताई दोनदा थांबली आणि दोनदा दुरुस्ती केली. टाइप करताना तिचीच बोटं चुकली होती. मग लग्नाची तारीख आणि वार आला. तिने हात उचलला.

“काका, या तारखेले रविवार नाई.”

“हाय ना. लिवून देल्लं तसंच हाय.”

“लिवून देल्लं असन. पन त्या दिवशी सोमवार येते.”

काकांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून बोट ठेवलं. सोमवार होता. काकांनी लगेच घरी फोन लावला. बरंच बोलणं झालं, एकदा आवाजही चढला. तारीख बरोबर होती. वार लिहिताना पुतण्याने हॉल बुक केल्याचा दिवस आणि लग्नाचा दिवस यांची सरमिसळ केली होती. छापून गेलं असतं तर अर्धा गाव आदल्या दिवशीच मांडवात आला असता.

“तुमच्या कम्पुटरले वारबी कयतात व्हय?” काकांनी फोन ठेवून विचारलं.

“त्याले कायचे कयतात. त्यानं तं चुकलेलंच वाचलं.” ताईने सोमवार टाइप केला. “माह्या कम्पुटरात इतकी वर्सं रोज करच होती. म्हनून खरा वार मले डोक्यात ठेवा लागे.”

काकांना यातलं काही कळलं नसावं. ते प्रतीवर सही करायला पेन शोधत होते.

तेवढ्यात शटरपाशी मोबाइलवाला येऊन उभा राहिला. नवा महिना लागला, म्हणून आला होता. ताई पुढची ओळ ऐकत होती, तिने मान वळवली नाही. भाऊजीच उठून बाहेर गेले.

“नाई रे भाऊ,” त्यांचा आवाज गल्लीतून ऐकू आला. “शटर खाली नाई होत. लगनसराई लागून राह्यली.”

आत ताईने कळ दाबली आणि आवाज पत्रिकेच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागला.